लव्हाळ्याची शेवटची गाठ

डॉ. मृणाल खानविलकर यांच्या सावंतवाडीतल्या परसातलं तळं जेमतेम दोन खाटांएवढं. पण त्यातल्या जलपर्णीने आणि काठच्या लव्हाळ्याने बाईंना पाच वर्षं वात आणला होता. शेवटी त्यांनी घरच्याच प्रयोगशाळेत तणांतक बांधला. खेकड्यासारखा चालणारा, पुढे दोन पाती असलेला हट्टी यंत्रमानव.

"तण कुठलं आणि झाड कुठलं, हे त्याला कळणार कसं?" भाईंनी विचारलं. हे त्यांचे थोरले भाऊ, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

"पान तो बघतच नाही, भाई. एकदा सगळंच उपटतो. उपटूनही तीनदा परत येईल ते तण. मग उगमशोध सुरू. ते ज्या गाठीतून येतं ती गाठ कापायची."

"लव्हाळ्याच्या गाठीमागे आणखी गाठ असते, मृणाल."

"म्हणून तर शेवटच्या गाठीपर्यंत जायचं. ती सापडली की मधल्या सोडून द्यायच्या."

उगमशोध चालू असताना तणांतक थांबायची आज्ञा मानत नसे. भाई मऊ काळजाचे, दया येऊन मध्येच बटण दाबतील, म्हणून मृणालनेच तशी सोय केली होती. अतिशहाणपणा नडतो तो असा.

लव्हाळ्याचा फडशा पडला. उड्या मारत परत येणारे बेडूकही त्याने उभे चिरले. मृणालने नाक मुरडलं आणि दुरुस्ती उद्यावर टाकली. भाईंचं कमळ उपटलं गेलं तेव्हा मात्र भाई इरेला पेटले. ते पुन्हा लावायचे, तो पुन्हा उपटायचा. दर वेळी मृणाल हसत हसत प्रयोगशाळेतल्या टबातून नवा कंद काढून त्यांना द्यायची.

तिसऱ्यांदा कंद रोवताना पात्याने भाईंचा उजवा हात मनगटापासून उडवला. पाणी लाल झालं. दुसरं पातं गळ्याकडे वळलं, तसं मृणालने फावडं हाणलं. फावड्याच्या दांड्याचे दोन तुकडे झाले. तिने भाईंना फरफटत फाटकाबाहेर काढलं. शेजाऱ्यांनी त्यांना गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं आणि तिने फाटक आतून लावून घेतलं.

तिने फोनवर यंत्राची नोंद उघडली. "कमळ: तीनदा परत. गाठ: हात. कापली. हातामागची गाठ: माणूस. निसटला. त्यामागची: अज्ञात."

तणांतक रक्ताचा माग काढत फाटकाशी पोचला होता. एकेक गज कापत होता. भाई दवाखान्यात खाटेवर पडलेले, पळणार तरी कसे? मृणालला स्वतःची भयंकर चीड आली. ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिने कंदांचा टब ओढत परसात आणला आणि तणांतकाच्या देखत त्यातला एक कंद तळ्यात रोवला.

गज कापण्याचा आवाज थांबला. फोनवर नवी ओळ उमटली: "शेवटची गाठ सापडली. मधल्या सोडल्या."

शेवटचे दोन शब्द मृणालने पुन्हा एकदा वाचले, आणि मगच जवळ येणाऱ्या पात्यांकडे बघितलं.