खिडकीमधुनी दिसते काय

आठवड्यातून एकदा-दोनदा सकाळी दूध तापत ठेवलं की संयोगिता खानविलकर मोबाइल घेऊन ओट्याशी उभी राहायची आणि दूध वर येईपर्यंत लिफ्टच्या कंपनीला आणि सोसायटीच्या गटावर एक तक्रार लिहून टाकायची. चार महिन्यांचा हा नेम होता. आजची तेविसावी. 'लिफ्ट बंद पडून चार महिने झाले. माझा नवरा पाचव्या मजल्यावर कोंडून पडलाय. तुम्हाला लाज कशी वाटत नाही? उद्याच्या उद्या माणूस पाठवा, नाहीतर मी तुमच्या कचेरीच्या दारात येऊन बसेन.'

दूध उतू जायच्या आत उत्तर आलं. 'आपल्या प्रेमळ सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार. आपला दिवस आनंदात जावो.'

प्रेमळ म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर तिने शिवणाचे वर्ग चालवले होते आणि वाकडी शिवण दिसली की उसवायला लावल्याशिवाय ती कुणाला घरी सोडत नसे. पण या लोकांची शिवण धरायची तरी कुठे? लिफ्टची देखभाल करणारी कंपनी दूरच्या शहरात, तिथे फोनला माणूस नाही, पत्त्यावर दार नाही. जे काही बोलायचं ते मोबाइलवरून लिहून.

तिने चहा गाळला आणि खिडकीपाशी नेला. निशिकांत तिथे चाकांच्या खुर्चीत बसलेला असायचा. अर्धांगाच्या झटक्याने त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ एका दुपारीत गेली होती. डोकं मात्र शाबूत. डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला बोटभर रुंदीची एक पट्टी लावून दिली होती. माणूस बोलायला जातो तेव्हा आवाज फुटला नाही तरी गळ्याच्या स्नायूंना हुकूम सुटलेला असतो. ही वाक्‌पट्टी तो हुकूम वाचायची, मोबाइलकडून त्याचे शब्द लावून घ्यायची आणि निशिकांतच्याच जुन्या आवाजात बोलायची, किंवा त्याने तसं सांगितलं तर ते शब्द त्याच्या नावाने गटावर टाकायची.

"चहा छान झालाय," पट्टी म्हणाली. निशिकांतचा डावा हात मात्र कपाला असा लागला की चहा बशीत सांडला. हात थरथरतोय बिचाऱ्याचा, असं म्हणत तिने बशी पुसली.

खरं सांगायचं तर या एका बाबतीत तिची झटक्याविषयी तक्रार नव्हती. निशिकांत खाडीवरच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याच्या शिव्या धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायच्या. रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन चार जणांशी भांडल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. असा माणूस आता म्हणायचा, 'इथूनही छान दिसतं.' म्हणायचा, 'तू दमलीस, बस जरा.' आजाराने माणूस मऊ होतो, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलं होतं, आणि सांगताना तिला थोडं सुखही वाटलं होतं. मध्ये एकदा तो म्हणाला होता, 'कधीतरी खुर्चीतूनच खाली जायला मजा येईल, पण घाई नाही.' तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं. चार माणसांनी उचलून न्यायचं, साऱ्या जिन्याने दारं उघडून बघायचं, तो तमाशा तिला नको होता. लिफ्ट होऊ दे, मग ऐटीत जाऊ, असं ती म्हणाली.

त्या दिवशी मात्र दूध फ्रिजमध्ये टाकून ती तशीच जिना उतरली आणि तळमजल्यावर दिगंबर कामेरकरांचं दार वाजवलं. कामेरकर गोकुळ सोसायटीचे अध्यक्ष. स्वभावाने वाईट नव्हते, पण कुणाशी वाकडं घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तिने उंबऱ्यावरच तोफ डागली. कामेरकर गोंधळून ऐकत राहिले आणि शेवटी हळूच म्हणाले की वहिनी, तुम्हीच तर लिहिता की घाई नाही.

"मी? मी कधी लिहिलं?"

त्यांनी आपला मोबाइल पुढे केला. सोसायटीच्या गटावर तिच्या नावाखाली सकाळचाच मजकूर होता. 'नमस्कार. लिफ्ट सध्या विश्रांती घेत आहे. माझे यजमान घरी निवांत आहेत. आपल्या सोयीने पाहिल्यास आनंद होईल.' वरची बावीस पत्रंही त्याच थाटाची. एकात तर तिने कंपनीला दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या होत्या.

तिने आपला मोबाइल काढून ताडून पाहिला. तिच्याकडे तिचेच जळते शब्द होते, आणि त्यांच्याकडे हे तूपसाखर लावलेलं काहीतरी.

कामेरकरांनी मग खाली मान घालून सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गटावर पार्किंगवरून एवढी हमरीतुमरी झाली की प्रकरण पोलिसांत गेलं. तेव्हा एका सभेत, जिला खानविलकरांकडून कुणी आलं नव्हतं, सर्वानुमते मोबाइलमधली 'मृदुवाणी' चालू करायचं ठरलं. आता तर ती प्रत्येक नव्या फोनमध्ये आपोआपच चालू असते. लिहिलेला राग ती पोचायच्या आधी निववते. लिहिणाऱ्याला त्याचे शब्द दिसतात, वाचणाऱ्याला तिचे. आणि राग जितका मोठा, तितकी ती जास्त गोड बोलते. तिकडे कंपनीचं यंत्र आलेल्या मजकुराची तीव्रता मोजून कामं लावतं. तुमची तक्रार, वहिनी, तिथे 'समाधानी ग्राहक' या खात्यात पडते.

"म्हणजे चार महिने मी त्यांना ओवाळत होते," संयोगिता म्हणाली. "मृदुवाणी कसली, गुळवणी आहे मेली."

ती निघणार एवढ्यात त्याच पडद्यावर तिला एक वेगळाच मजकूर दिसला. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी चार ओळी टाकल्या होत्या आणि त्यांत शेजाऱ्याला चक्क गाढव म्हटलं होतं. ते गाढव जसंच्या तसं शाबूत होतं. हे कसं सुटलं, तिने विचारलं.

"ती समस्यापूर्ती आहे," कामेरकर म्हणाले. "पद्याला मृदुवाणी हात लावत नाही. पहिल्या वर्षी तिने कुणाच्या तरी आरतीतला राक्षस मारायचा सोडून त्याची समजूत घातली होती. लोक खवळले. तेव्हापासून मात्रा सारख्या आणि यमक जुळलेलं असेल तर ती मजकूर तसाच पुढे सोडते."

गोकुळच्या वर्धापनदिनाआधी आठवडाभर हे समस्यापूर्तीचं आव्हान चाले. रोज सकाळी कामेरकर कवितेची शेवटची ओळ देत आणि प्रत्येक घराने आधीच्या तीन ओळी रचून ती पुरी करायची. संयोगिताने कधी भाग घेतला नव्हता. त्या दिवशीची ओळ होती, 'असे आमुचे गोकुळ छान'.

ती पाच मजले चढून आली ती धापा टाकतच, आणि जेवण बाजूला ठेवून पाटावर बसली. आयुष्यभर बटणांमधली अंतरं बोटांनी मोजलेली, मात्रा मोजणं तिला अवघड गेलं नाही. अवघड होतं ते राग पंधरा मात्रांत कापून बसवणं. एक शब्द लांब व्हायचा, दुसरा तोकडा पडायचा. 'निर्लज्ज' हा शब्द कुठेतरी बसलाच पाहिजे, यावर मात्र ती अडून राहिली. निशिकांत खुर्चीतून टक लावून बघत होता. तिने मोठ्याने म्हणत, बोटं मोजत त्याला सगळं समजावलं. साधं लिहिलं की गोड होतं, यमकात लिहिलं की जसंच्या तसं जातं. दुपारी तीनला तिने ओळी गटावर आणि कंपनीला पाठवल्या.

बंद लिफ्ट अन् बंदच कान,
कोंडुन माणुस गाती गान,
निर्लज्जांना कसले भान?
असे आमुचे गोकुळ छान.

दोन वर्षांत गटावर कुणी कुणाला निर्लज्ज म्हटलं नव्हतं. मग तिसऱ्या मजल्यावरून गच्चीच्या गळतीवर तीन ओळी आल्या, पहिल्या मजल्यावरून पाण्याच्या टाकीवर. संध्याकाळपर्यंत गोकुळमधल्या बावीस घरांनी इतकी वर्षं गिळलेलं सगळं मात्रा मोजून ओकून टाकलं. सगळ्या चारोळ्या काही सुबक नव्हत्या, पण सगळ्यांत माणसं होती. तिने त्या निशिकांतला एकेक करून वाचून दाखवल्या आणि तो घशातल्या घशात हसला. तो खरा हसण्याचा आवाज तिने चार महिन्यांनी ऐकला.

पुढचे दोन दिवस तो काहीच बोलला नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी खुर्चीच्या हातावर सारखी आपटत राहिली. हे नवीन काय उपटलं म्हणून घाबरून तिने डॉक्टरांना कळवलं. तो मध्येच वहीत डाव्या हाताने गिरगटायचाही. ते जुनंच होतं. चार महिने तो गिरगटत होता आणि हाताला व्यायाम होतोय म्हणून ती दर आठवड्याला नवी वही देत होती.

रविवारी सकाळी कंपनीचं उत्तर आलं. सोमवारी दहा वाजता कारागीर येतील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. संयोगिता मोबाइल नाचवतच खिडकीशी गेली. "जिंकलो," ती म्हणाली. "मी सांगत नव्हते? उद्या लिफ्ट. परवा तू धक्क्यावर."

निशिकांतने तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. गळ्याचे स्नायू हलले, पण पट्टी मोठ्याने काहीच बोलली नाही. तिच्या हातातला मोबाइल तेवढा वाजला. तिला वाटलं, गटावर कुणाचं अभिनंदन आलं असेल. कामेरकरांनी त्या दिवशी शेवटची ओळ दिली होती, 'खिडकीमधुनी दिसते काय'. कुणीतरी डोंगर, खाडी, पक्षी असं काही लिहील अशी त्यांची अपेक्षा असावी. उत्तर निशिकांत खानविलकरच्या नावाने आलं होतं.

शंभर वेळा म्हटले काय?
चौघे धरा खुर्चिचे पाय!
लाज कुणाची वाटे, बाय?
खिडकीमधुनी दिसते काय?

तिने एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. 'बाय' हे तो फक्त कडाक्याच्या भांडणात म्हणायचा. चार महिन्यांत एकदाही म्हणाला नव्हता. तिने पट्टीकडे पाहिलं. पट्टी शब्द लावून घेते मोबाइलकडून, आणि मोबाइलमध्ये काय बसलंय हे तिला तीन दिवसांपासून माहीत होतं. दोन्ही गोष्टी तिच्या घरात, तिच्या डोळ्यांसमोर होत्या, पण ती बावीस घरांच्या चारोळ्या वाचून दाखवत बसली आणि हे एकदाही तिच्या मनात आलं नाही. की येऊ दिलं नाही? मऊ झालेला नवरा तिला आवडला होता.

तिने कोपऱ्यातल्या वह्या ओढल्या. आता ठाऊक झाल्यावर ते वाचता येत होतं. वाकडंतिकडं, पानभर एकच अक्षर, पण खु, र्ची, खु, र्ची. एका वहीत तिचं नाव होतं आणि त्यावर इतक्या रेघा मारल्या होत्या की कागद फाटला होता.

तिला स्वतःचा राग आला. तसला राग तिला कंपनीचाही आला नव्हता. जिन्यात पावलं वाजत होती. गटावर साऱ्यांनी वाचलं होतं, आणि कामेरकर कुणाला तरी खुर्ची वळणावर तिरकी धरा म्हणून सांगत होते. चौघे जण येत होते. चार महिने ते याच इमारतीत, याच जिन्याच्या टोकाला होते.

"निशी," ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "आणखी काय काय म्हणाला होतास?"

त्याचे डोळे पेटले. मानेच्या शिरा तटतटल्या, गळ्याचा प्रत्येक स्नायू ओढला गेला, तो बराच वेळ काहीतरी ओरडत राहिला. पट्टीने ते नीट ऐकून घेतलं.

"काही विशेष नाही," ती निशिकांतच्याच आवाजात म्हणाली. "तू माझं फार छान केलंस. चहाही रोज छान होता."

दारावर थाप पडली. संयोगिताने येते म्हणून सांगितलं आणि त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. त्याची बोटं एकेक करून उघडली, मात्रा मोजायला करतात तशी.

"असं नको," ती म्हणाली. "यमकात सांग. मी थांबते."

त्याने डोळे मिटले आणि करंगळीपासून मोजायला सुरुवात केली. चार महिन्यांतलं किती पंधरा मात्रांत बसेल, आणि जे बसणार नाही ते तिला कधी कळेल?