‘ठेवते’ म्हटल्यानंतरची मिनिटं

कल्पना करा, तुमच्या घरी येणारे सगळे फोन कुणीतरी मोजतं आहे. बोलणं ऐकत नाही हं, चोरूनसुद्धा नाही. कोणता फोन किती मिनिटं चालला, एवढंच टिपून ठेवतं. नुसत्या आकड्यांवरून त्याला तुमच्याबद्दल काय कळणार? काहीच नाही, असं वाटतं ना? नागपूरच्या एका प्रयोगशाळेतल्या वृंदा देशकरलाही पूर्वी तसंच वाटायचं. आज मात्र त्याच आकड्यांकडे बघता बघता तिचा चहा निवून गेला होता.

त्या काळी माणसाच्या वतीने फोनवर बोलणारी यंत्रं निघाली होती. तोच आवाज, तेच हसणं, त्याच लकबी. त्यांना ‘बदलीवाणी’ म्हणत. कान हमखास फसायचे. म्हणून वृंदा आणि तिचे वरिष्ठ ठवकर सर यांनी कानांचा नाद सोडून घड्याळ हाती धरलं होतं.

ठवकर सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “नमुना सतरा. पहिले साठ फोन माणसामाणसांतले. नंतरच्या चाळिसांत एका टोकाला यंत्र आहे.”

“नक्की, सर?”

“तुम्हीच काढलेला नियम ना बाप्पा! माणूस फोनवर ‘चला, ठेवतो’ म्हणतो, तेव्हा काय करतो?”

“बोलायला लागतो.”

“आमची ही ‘ठेवते’ म्हणून अर्धा तास उभ्याने बोलते. खरं बोलणं तिथून पुढेच असतं. म्हणून माणसांचा फोन जितका लांबला, तितका तो आणखी लांबायचा संभव वाढतो. आकड्यांना लांब शेपूट फुटतं. हे बघा, इथे चार मिनिटं, इथे सात आणि मध्येच एक तास वीस मिनिटं! बदलीवाणीला मात्र ‘ठेवते’ ऐकू आलं की ती ठेवते. दर मिनिटाला नव्याने फासा टाकावा तसं. दोन मिनिटं झाली काय नि वीस झाली काय, मागचं तिला काही नाही. शेपूटच छाटलं जातं. लांबवायला दोघं लागतात, वृंदाबाई. तोडायला एक टोक पुरतं.”

वृंदाने ते आकडे पुन्हा एकदा वरपासून वाचले. “सर, नमुना सतरा माझ्या घरचा आहे. नमुने कमी पडले म्हणून मीच घातला होता.”

तिची धाकटी बहीण हेमांगी अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या संशोधन स्थानकात होती. हेमांगीची दहा वर्षांची मुलगी जुई वृंदाकडे राहायची. रोज संध्याकाळी सहाला तिथून फोन यायचा. जुई तो खोलीत नेऊन दार लावून घ्यायची.

“मग चाळीस दिवस माझ्या भाचीशी बोलतंय कोण?” वृंदा उठून येरझाऱ्या घालू लागली. “खाली काही झालं असेल आणि ते लपवायला...”

“स्थानकाच्या कार्यालयात विचारलंत?”

“मघाशीच विचारलं. सगळं ठीक आहे म्हणतात. ते दुसरं काय म्हणणार?”

“मग तातडीचा क्रमांक लावा. आत्ता.”

फोन लागला. “बोल गं ताई,” हेमांगीचा आवाज आला. पण आवाज म्हणजे पुरावा नव्हे, हे वृंदाइतकं कुणाला ठाऊक होतं? इकडचं तिकडचं विचारून झालं, आणि तिने श्वास रोखून म्हटलं, “बरं, चल, ठेवते.”

पलीकडे शांतता. एक सेकंद. दोन. तीन.

“थांब, ठेवू नकोस!” हेमांगी एकदम म्हणाली. “खरं सांग, जुई बरी आहे ना? पूर्वी सोडायची नाही मला. हल्ली मी ‘ठेवते’ म्हटलं की ‘बरं आई’ म्हणून लगेच ठेवून देते.”

वृंदाने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. आकड्यांनी खरंच सांगितलं होतं, एका टोकाला यंत्र आहे. कोणत्या टोकाला, हे ते सांगूच शकत नव्हते. ते ती आपलं आपणच धरून चालली होती. जवळचं टोक घरातलं, म्हणून ते तपासायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते. बंद दाराआडून जुईचा आवाज येत होता, “हो आई, डबा सगळा संपवला.” आणि खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. तिथे पेरूच्या झाडावर जुई गुडघे कवटाळून बसली होती.

वृंदा झाडाखाली जाऊन उभी राहिली. जुईने मान फिरवली.

“मावशी, मी तुझ्याच संगणकावर बनवली ती बदलीवाणी. ओरडणार आहेस?”

“नाही. का बनवलीस?”

“आई दिवाळीला येणार होती. मग म्हणाली, आणखी पाच महिने. मला राग आला.”

“मग भांडायचं होतंस तिच्याशी.”

“भांडले असते तर ती तिथे खाली एकटी रडत बसली असती.” जुईने फांदीचं साल नखाने सोललं. “म्हणून गोड बोलायला बदलीवाणी बसवली. मी फोन संपेपर्यंत इथे बसते. पण मावशी, तो किती लवकर संपतो!”

खोलीतला आवाज तेवढ्यात थांबला.

वृंदाने आपल्या फोनवर स्थानकाचा क्रमांक लावला आणि हात उंच केला. जुईने आधी वाकून त्यावरचा क्रमांक वाचला. मग तिने फोन ओढून घेतला.

“आई, ही मी आहे. खरी. मघाशी बोलली ती मी नव्हते. आणि मला तुझा खूप, खूप राग आलाय. मला तुझ्याशी बोलायचंच नाही. ठेवते!”

वृंदाची नजर सवयीने घड्याळाकडे गेली. तिने नजर तिथून काढून घेतली.

वर जुईने पाय पसरले, पाठ खोडाला नीट टेकवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.