कवळी तर ट्रेमध्ये होती

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी थापा मारणारी बाई नव्हे.

ती एका मोठ्या हॉस्पिटलात एमआरआय काढते. काचेपलीकडे मशीन, अलीकडे ती. "भुतापेक्षा मला मशीन बंद पडायची भीती," असं म्हणायची.

आता म्हणत नाही.

भरदुपारची गोष्ट. एका म्हाताऱ्या शिंप्याला स्ट्रेचरवरून आणलं. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, वाचा गेलेली. त्याची सून दारातच मावशीचा हात धरून रडायला लागली. "बाबा परत बोलतील ना हो?"

वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तयार ठेवून बसल्या होत्या. स्ट्रोक असेल तर ते जितक्या लवकर द्याल तितकं बरं. पण स्ट्रोकचं नुसतं सोंग असेल तर? फिट येऊन गेल्यावरही माणूस अगदी असाच पडतो. अशा वेळी इंजेक्शन दिलं आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर... बरा होणारा माणूस हातचा जायचा.

म्हणून आधी फोटो.

मावशीने नेहमीप्रमाणे घड्याळ काढलं, चष्मा काढला, तोंडातली कवळीही काढून ट्रेमध्ये ठेवली. वरची आणि खालची. शिंप्याच्या तोंडाचं पार बोळकं झालं. मशीन धडधडायला लागलं.

मग दोन फोटोंच्या मधली शांतता...

आणि मशीनमधल्या माइकवरून आवाज आला.

"थंडी वाजतेय."

"झालंच हं, हलू नका," मावशी सवयीने बोलून गेली. दिवसभर सगळे पेशंट हेच म्हणतात.

मग तिचा हात माउसवरच थिजला.

या माणसाची तर वाचा गेली होती.

आणि तो आवाज... बाईचा होता.

तिने काचेतून पाहिलं. मशीनच्या बोगद्यातून शिंप्याचे दोन पाय बाहेर आलेले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर फोटो उमटला. मेंदूच्या डाव्या बाजूला पांढराफेक डाग. ताजा स्ट्रोक!

वर डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावरही तोच फोटो; लगेच फोन. "गेलीच की डावी बाजू! बाहेर काढा त्यांना, मी इंजेक्शन घेऊन..." डॉक्टरीणबाई मध्येच थांबल्या. "एक मिनिट. जबड्यापाशी हे काळं काय आलंय? दाढेवर धातूची टोपी आहे का?"

"मॅडम, त्यांना दातच नाहीत. कवळी माझ्यासमोर ट्रेमध्ये आहे."



"फोटोवर नाव त्यांचंच आहे?"

"त्यांचंच. वेळसुद्धा आत्ताचीच."

"पुन्हा काढा. पटकन."

तेवढ्या वेळात मावशीचा जीव टांगणीला लागला. खरंच स्ट्रोक असेल तर आपण या माणसाचा वेळ खातोय, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

दुसरा फोटो आला. स्वच्छ. डाग नाही, टोपी नाही.

इंजेक्शन दिलं नाही. संध्याकाळपर्यंत शिंप्याचा हात हलला, मग जीभही वळायला लागली. फिटच होती ती. सुनेने मावशीला घट्ट मिठी मारली.

"काय काका, घाबरवलंत की सगळ्यांना!" मावशी म्हणाली.

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला.

"ताई... तुम्ही आत माझ्या शेजारी का झोपला होतात?"

 मावशीची जीभ आपोआप स्वतःच्या मागच्या दाढेकडे गेली.

त्या दाढेवर धातूची टोपी आहे.

तो पहिला फोटो अजून हॉस्पिटलात आहे. कोणाचा, ते कोणीच सांगू शकत नाही. आम्ही मावशीला हात जोडून सांगितलं, अगं, एकदा स्वतःचा काढून घे. ती त्या बोगद्यात शिरायलाच तयार नाही. रोज सकाळी आरशासमोर दोन्ही हात वर करते, हसते, तोंड वाकडं होत नाही ना ते बघते. मला तिची फार काळजी वाटते.

काल तिच्याशी फोनवर बोलत होतो. उकाड्याने आम्ही दोघंही हैराण झालेलो, त्यावरच गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता ती एकदम गप्प झाली.

"मावशी?"

"काही नाही रे," ती सावकाश म्हणाली.

"थंडी वाजतेय..."