स्टिकरमागचा प्रोसेसर

त्या दिवशी संघदीपची येण्याची पाळी नव्हती. कुणाचा तरी प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीला तो गोंदियाहून फुलचूरला आला होता, आणि परतताना रचनाच्या टायपिंगच्या दुकानात सहज डोकावला. रचनानं मान वर केली… आणि उगाचच ओढणी सारखी केली. मनात मांडे खायला तिला एवढंही पुरायचं.

"बरे आले," ती म्हणाली. "टायपिंगच्या मोठ्या कामाचा फॉर्म भरून राहिली मी. पाचच्या आत द्याचा आहे. संगणकात प्रोसेसर कोणता, ते विचारलं आहे. स्टिकर पाहून लिहू नका म्हणे, तपासायले माणूस येणार आहे. पेंटियम फोरच्या खालचं चालत नाही."

"स्टिकरवर तेच तर आहे." संघदीप हसला, पण ते हसू ओठांच्या पलीकडे काही गेलं नाही.

वर्षापूर्वी आपल्या मालकाच्या गोंदियाच्या दुकानातून हे मशीन घेऊन तोच आला होता. तेव्हापासून महिन्यातून दोनदा यायचा. "धूळ साफ करून देतो, मॅडम." आणि दुसऱ्या मेकॅनिकला मशीनला हात लावू द्यायचा नाही. फुकटात एवढे खेटे कोण घालतं? रचनानं त्याचा जो अर्थ लावायचा तो कधीच लावून टाकला होता.

"प्रॉपर्टीजमध्ये खरं नाव दिसते म्हणे." तिनं 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक केलं…

आणि संघदीपनं तिचं मनगट धरलं.

वर्षभर ज्या स्पर्शाची वाट पाहिली, तो हा असा आला. पण त्याची बोटं गार पडली होती.

"थांबा. मीच सांगतो," तो म्हणाला. "आत पेंटियम नाही. सेलेरॉन आहे… हलका. मालकानं सांगितलं, अन् मी स्टिकर चिकटवला. ह्याच हातानं."

रचनानं मनगट सोडवून घेतलं आणि क्लिक केलं. पडद्यावर सेलेरॉनच होतं. हातचं काम गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं. पण त्याआधी तिला भलतंच काहीतरी टोचलं.

"म्हणजे राखण करून राहिले होते तुम्ही? दुसऱ्या कोणी मशीनचा डबा खोलू नये म्हणून?"

संघदीपनं खिशातला पेचकस चाचपला.

"बोला ना. डब्यासाठी येत होते, का…"

"पहिले दोन डाव आलो ते डब्यासाठीच. खोटं नाही बोलत. मंग मी डबा खोललाच नाही. तुम्ही टाईप करत राहत, मी मागं बसून नुसता पेचकस फिरवून राहिलो."

"काऊन मानू मी?"

रचनानं मशीन बंद केलं, त्याच्या खिशातला पेचकस ओढून घेतला, मागचे स्क्रू काढले आणि झाकण सरकवलं.

आत धुळीचा बोटभर थर होता. पंख्याची पाती करडी झालेली, वायरींवर कोळ्याचं जाळं. महिन्यातून दोनदा साफ होणारं मशीन म्हणे हे. डबा खरंच कुणी खोलला नव्हता.

ती बघतच राहिली. राग होता, चांगला पक्का होता… पण त्या धुळीकडे बघून तिला इतकं बरं वाटलं की रडू येईल की काय अशी भीती वाटली. तिनं फॉर्म ओढला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, सेलेरॉन. मग कागद त्याच्याकडे सरकवला.

"मशीन बसवणाऱ्याची सही पाहिजे इथं. दुकानाचं नाव पण लिहा."

"मालक कामावरून काढन मले."

"माहीत आहे."

संघदीपनं पेन घेतलं. त्यानं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली दुकानाचंही. रचनानं कागदाची घडी केली.

"आता मशीनसाठी यायचं नाही."

"नाही येत जी." त्याचा चेहरा उतरला.

"रविवारी घरी या. बाबा असतात."

"काय सांगू त्याहीले?"

"की मी तुमाले आवडते." तिचेच कान तापले. "तेवढं तरी पहिल्यापासून खरं आहे ना?"

"पहिल्यापासून नाही," संघदीप म्हणाला. "तिसऱ्या डावापासून."