मागे आई बसली की

धाकट्या बहिणीला जुळी झाली आणि त्यातलं एकच घरी आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या घरात तेव्हा कुणी मोठ्यानं बोलत नसे. बाबांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून गॅरेज मीच बघायचे.

एका बुधवारी सकाळी गेले तर दाराशी मोटारसायकल उभी. साखळीऐवजी पट्ट्यावर चालणारी. किल्ली शटरखालून आत सरकवलेली, आणि तिला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. गोल, सुरेख अक्षरं... सुरेख आहेत एवढंच मला कळलं. मला वाचता येत नव्हतं. हे फक्त बाबांना ठाऊक होतं आणि बाबा बहिणीकडे गेले होते.

पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला. चांगलाच खाली गेला. ढिला झालाय, दुसरं काय! मी मागचं चाक मागे ओढून पट्टा चांगला ताणून टाकला.

संध्याकाळी तो आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. पावसानं केस कपाळाला चिकटलेले, नखांत निळा रंग.

"चिठ्ठी वाचलीत ना?"

"वाचली की."

"अक्षर कळलं?"

"छान आहे... अक्षर."

तो चक्क लाजला. जन्मभर अक्षरं काढणारा माणूस, आणि एवढ्याशा कौतुकानं लाजतो! गाडी वळणाआड गेली तरी मी हातातला पाना पुसतच उभी होते.

शुक्रवारी तो गाडी ढकलत आला. माझ्याकडे बघेना. मी मागचं चाक वर-खाली हलवून पाहिलं — खडखडलं. आतल्या बेअरिंगचा भुगा झाला होता.

"इतका ताणायला कुणी सांगितलं होतं?" तो हळूच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी स्पष्ट लिहिलं होतं. एकटा असलो की आवाज नाही. मागे आई बसली की चाक घरघरतं. आठवड्यातून दोनदा तिला रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं. काल अर्ध्या वाटेत चाक अडकलं. तिचा नंबर गेला. रात्रीपासून ती दवाखान्यात आहे... धाप थांबत नाही."

मागे वजन बसलं की पट्टा आपोआप आणखी ताणला जातो आणि सगळा भार बेअरिंगवर येतो. म्हणून रिकाम्या गाडीचा पट्टा जरा ढिलाच ठेवायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं. मागे कोण बसतं, ते तेवढं चिठ्ठीत होतं.

बेअरिंग आधीपासून खराब होतं, असं म्हणता आलं असतं. थोडंसं खरंही होतं ते.

"मला वाचता येत नाही," मी म्हणाले.

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"मग... अक्षर छान आहे म्हणालात, ते?"

"ते खरं होतं."

तो हसला नाही. जुन्या टायरवर बसला. म्हणाला, "बेअरिंग नवं घाला. बाकी काय सांगायचं ते यापुढे तोंडानं सांगेन."

पंधरा दिवसांनी त्याची आई घरी आली. तो तिला घेऊनच गॅरेजात आला. मी दोघांना गाडीवर बसवलं आणि खाली पालथी पडून पट्ट्याला अंगठा लावला.

"मला काय मापाला बसवलंय का गं, पोरी?" वरून थकलेला आवाज आला.

"हो, आई. हलू नका."

"माझं मेलीचं वजन ते काय! तू बसशील मागे, तेव्हा खरा ताण पडेल याला."

"आई!" तो ओरडला. माझी मान वर करायची हिंमत झाली नाही.

मग तो संध्याकाळी यायला लागला. शटरवर खडूनं अक्षरं काढायचा, मी गिरवायचे.

"हा प. पेंटरचा."

"पट्ट्याचा."

"बरं बाई, पट्ट्याचा. पण गिरवताना रेघ कशाला वाकडी जातेय?"

"तू बघतोयस म्हणून... तिकडे बघ ना!"

तो शहाण्यासारखा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. तसाच, पाठमोरा, म्हणाला, "लग्न करशील माझ्याशी?"

खडू मोडला. "तुझी आई माझ्यामुळे दवाखान्यात त्या खाटेवर..."

"तिला सगळं सांगितलंय. ती म्हणाली, पोरीनं त्या शुक्रवारीही खोटं सांगितलं असतं तर मीच नको म्हटलं असतं." तो अजून रस्त्याकडेच बघत होता. "मी वळू का आता?"

"वळ," मी म्हणाले.

त्यानंतर आईंचा रक्तशुद्धीचा एकही नंबर चुकला नाही. गाडीनंही कधी आवाज केला नाही. पण दवाखान्यातल्या त्या पंधरा दिवसांत जे बळ अंगातून गेलं ते परत आलं नाही. आमच्या लग्नाला नऊ दिवस उरले असताना, बावीस ऑगस्टला, दुपारी सव्वातीन वाजता माझ्या सासूबाई वारल्या.