उकंडरावचा म्हातारा

लाईट गेली तं जाऊ दे, पोट्टेहो. मोबाईल ठेवा खाली. हे कुठं ऐकेल नाई, माह्या साडूसंग घडेल हाये. शालिग्राम. साखरखेर्ड्याचा पेंटर. दुकानाचे बोर्ड रंगवते, देवळातल्या मूर्ती रंगवते.

गेल्या सालची गोष्ट, पोळ्याच्या करीची रात. दुसऱ्या दिवशी मेहकरले उकंडरावच्या बाहुल्यांचं संग्रहालय उघडनार होतं. उकंडराव कधीचाच वारला, पन दोरीवर नाचनाऱ्या बाहुल्यांले डोळे मिचकावाले, जबडा हालवाले आपल्या इकडं पहिले त्यानंच शिकवलं. नातीनं, रेणुकानं, सगळ्या बाहुल्या जपून ठेवल्या होत्या. तिनंच शालिग्रामले बोलावलं.

"भाऊ, फक्त धूळ पुसा. आजानं रंगवलेले चेहरे खरवडू नका."

"हाव, ताई."

ती घरी गेली सैपाकाले.

मधल्या पेटीत म्हातारा बाहुला बसेल होता. उकंडरावनं आरशात पाहू पाहू सोताचाच चेहरा कोरला होता त्याच्यात. गालावरचा रंग तडकेल, मळकट. शालिग्रामच्या मनात आलं, उद्या लोकं येतीन, म्हनतीन पेंटरनं केलं काय? त्यानं पॉलिश पेपर घेतला अन् घासला गाल.

रंग निघाला. खाली लाकूड दिसाले पाह्यजे ना? ओलं होतं. पिवळं.

त्याले वाटलं, लाकूड सडलं असन आतून. बोटानं दाबलं...

बोट आत गेलं. कोंबट.

मेलेल्या ढोराचा वास सुटला. पू मनगटावरून कोपरापर्यंत वघळला. चिकट. पुसला तं तार धरे. त्यानं हात ओढला, पन बोट काही निघेना...

काऊन बे सागर, सरकला काऊन जवळ?

मंग जबडा उघडला. दोरी कोनी ओढली नव्हती. आत जीभ. बुरशी चढेल, पांढरी. हालली.

"हळू," म्हने. "दुखते..."

...

कसंबसं बोट हिसकून शालिग्राम रस्त्यावर येऊन ओकला. आतडे बाहेर पडतीन असा. समोरून रेणुका त्याचाच डबा घेऊन येऊन राह्यली होती.

"काय झालं, भाऊ?"

"चुकलं, ताई. मी घासलं..."

तिनं डबा खाली ठेवला. आत गेली. हा दारातच उभा. म्हातारा जसाच्या तसा. जुना रंग, जुने तडे. पोरीनं गालावर टकटक केलं. लाकूड. कोरडं ठक्क. तरी तिनं वढणीनं तो गाल पुसला, लेकराचा पुसाव तसा, अन् पेटी लावली.

तवापासून शालिग्राम फक्त बोर्ड रंगवते. मूर्तीच्या तोंडाले हात लावत नाई.

त्या रातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाईनं, त्याच्या बायकोनं, शर्ट धुवाले घेतला. दुमडेल बाही उलगडली तं आतून काईतरी पडलं. वाळेल, कांद्याच्या सालपटावानी. मी तठीच चहा पिऊन राह्यलो होतो. चहा तसाच ठेवला.

कातडी होती, पोट्टेहो... वर दाढीचे पांढरे खुंट.