वादळाआधी आलेले पैसे

आभाळ स्वच्छ होतं. खारबंदरचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा शांत पडला होता. अशा भर दुपारी मितालीच्या आईचा फोन वाजला. संदेश आला होता : 'चक्रीवादळासाठीची मदत आपल्या खात्यात जमा झाली आहे.'

"कुठलं वादळ?" रेवतीने विचारलं.

"येणारं," मिताली म्हणाली.

रेवती कुबल आणि मिताली तांडेल सहावीत एका बाकावर बसायच्या. दोघींच्या घरांमध्ये फक्त एक कुंपण होतं. संदेश वाचून रेवती त्या कुंपणावरून उडी मारून घरी धावली. तिचे बाबा ओटीवर जाळं विणत बसले होते.

"बाबा, आपल्याला पैसे आले?"

"कसले पैशे? वादळ येऊचा हा, ता माका ठाऊक. होडी खाडीत नेऊन बांधूची हा," बाबा म्हणाले आणि पुन्हा जाळ्यात गुंतले.

संध्याकाळी मितालीच्या अंगणात टेम्पो उभा राहिला. तिची आई सुकी मासळी विकायची. सुक्या बांगड्यांच्या आणि सोड्यांच्या गोण्या टेम्पोत चढल्या आणि उंच घाटीवरच्या गोदामाकडे निघाल्या. घराच्या कौलांवर नवीकोरी ताडपत्री बांधली गेली. एवढं रेवतीने कसंबसं पाहून घेतलं. पण मग मिताली बाहेर आली. तिच्या पायांत निळे, चकचकीत गमबूट होते.

रेवती पावसाळ्यापासून गमबुटांसाठी हट्ट करत होती. "फुडल्या वर्षी बघू," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. ती तशीच पाठ फिरवून घरात गेली. रात्री जेवण गेलं नाही. वादळ सगळ्यांवर येणार, मग पैसे तिलाच का? आणि न आलेल्या वादळाचे पैसे मुळी येतातच कसे?

दुसऱ्या दिवशी ती निवारा केंद्रात गेली. शाळेमागच्या त्या भक्कम इमारतीत आपत्तीच्या काळात काम करणारा एक यंत्रमानव असायचा. बुटका, पाठ घुमटासारखी, वाळूत चालायला रुंद चाकं. मुलं त्याला कासव म्हणायची, आणि त्याची त्याला हरकत नव्हती.

कासव तेव्हा फोनवर गावच्या दुकानदाराशी बोलत होतं. "तांदूळ, मेणबत्त्या, दोर, ताडपत्री... पुरेसा माल आहे ना? कमी पडला तर आजच मागवा." बोलणं संपवून ते वळलं. "ये रेवती. पैसे पोचले आणि दुकानात मालच नसला तर ते पैसे काय चुलीत घालायचे? म्हणून आधी बाजार तपासावा लागतो."

"पैशांचंच विचारायला आले," रेवती फणकाऱ्याने म्हणाली. "वादळ आलेलं नाही आणि मितालीकडे मदत आली. हे कसं?"

"वादळ समुद्रात आहे. उपग्रहांना ते दिसतं. कुठे, किती जोराने धडकेल, याचा अंदाज आम्ही दर तासाला बांधतो. या अंदाजाला एक उंबरठा-पातळी (जी ओलांडली की कुणाची वाट न बघता मदत सुटते, अशी ठरवलेली मर्यादा) असते. काल दुपारी ती ओलांडली. आता सांग, बाबा होडी खाडीत कधी नेतात? वादळाआधी की नंतर?"

"आधी. नंतर नेऊन काय उपयोग?"

"मग पैशांचंही तसंच. वादळाआधी एक टेम्पो केला तर वर्षभराची मासळी वाचते. वादळानंतर तेवढ्याच पैशांत भिजलेल्या मासळीतली एक गोणीही परत येत नाही."

हे रेवतीला पटलं, पण तिला पटवून घ्यायचं नव्हतं. "ते ठीक. पण तिलाच का?"

"कोणाच्याही घराबद्दल मी तुला सांगणार नाही. नियम सांगतो. तुमच्या माडाच्या बागेत पाट आहेत ना?"

"आहेत."

"उन्हाळ्यात माड सुकायला लागल्यावर कोणी पाट खणायला घेत नाही. ते आधीच खणलेले असतात, फक्त बांध काढायचा. ज्या घरांना दर महिन्याला निवृत्तिवेतन किंवा अनुदान मिळतं, त्यांच्यापर्यंत असा पाट आधीच पोचलेला असतो. याला सामाजिक संरक्षण (अडचणीच्या काळात माणूस कोसळू नये म्हणून सरकारने कायमची उभी केलेली आधाराची व्यवस्था) म्हणतात. वादळाच्या वेळी त्याच पाटातून जास्त पाणी सोडतात. ते सर्वांत लवकर पोचतं."

मितालीचे वडील एकदा समुद्रातून परतलेच नाहीत, तेव्हापासून तिच्या आईला दरमहा पैसे यायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. रेवतीलाही. तरीही तिच्या तोंडून निघालं, "पण त्या पैशांतून तिने गमबूट घेतले! वादळाच्या पैशांत मिरवायचे बूट! परत घ्या ते पैसे!"

"कशावर खर्च करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं," कासव शांतपणे म्हणालं. "पूर्वी ट्रकमधून सगळ्यांना सारखी घोंगडी यायची. एकाला औषध हवं असायचं, दुसऱ्याला दोर. दोघंही घोंगडीच घेऊन बसायचे."

दारात पावलं वाजली. मिताली उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मागल्या पावसात चिखलातून गोण्या नेताना माझ्या पायात शिंगाळ्या माशाचा काटा गेला होता," ती म्हणाली. "मी किती दिवस शाळेत नव्हते, आठवतंय? तूच अभ्यास आणून द्यायचीस. या वेळी आईने आधी बूट घेतले, मग ताडपत्री." आणि ती निघून गेली.

रेवतीला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर मत्सर गेला नाही. लाज आणि मत्सर, दोन्ही एकाच वेळी पोटात राहू शकतात, हे तिला त्या दिवशी कळलं.

वादळ आलं ते पहाटे. तोवर सारं गाव निवारा केंद्रात पोचलं होतं. बाहेर वारा असा घोंघावत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. उजाडल्यावर सगळे बाहेर पडले, तेव्हा माड आडवे झाले होते, आणि खाडीत बांधलेली बाबांची होडी दोन तुकडे होऊन काठावर पडली होती. बाबा होडीजवळ गेले, तिच्या फळीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. 

त्याच दिवशी मितालीच्या आईने घाटीवरून मासळी उतरवली. बाकी सगळ्यांची मासळी भिजली होती, हिची कोरडी होती. बाबांनी ते दुरून पाहिलं. "तिका सगळा मिळता," ते पुटपुटले. "आमी होडीवाले ना! आमका कोण विचारता?"

बाबांचा आवाज रेवतीला ओळखीचा वाटला. तो तिचाच होता, फक्त जाडा.

"बाबा, तिचा पाट आधीपासून होता," ती म्हणाली. "आपला नव्हता, कारण आपल्याला कधी गरज पडली नाही. पण आता नवीन पाट खणतात. कासव निवारा केंद्रात नवी नावं घेतंय."

"माका कोणाची भीक नको."

"भीक नाही. तुम्ही जाळी, डिझेल, सगळ्यावर कर भरता ना? आपणच सगळ्यांनी भरलेलं पाणी आहे ते. ज्याचं झाड सुकतंय त्याच्याकडे आधी वळवायचं, एवढंच."

बाबांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. दुपारी ते रेवतीबरोबर निवारा केंद्रात गेले. कासवाने होडीचे फोटो घेतले, दोन शेजाऱ्यांना विचारून खात्री केली आणि नाव जोडलं. पैसे आले. नवी होडी होईल इतके नव्हते. पण होडी पुन्हा उभी होईपर्यंत चूल पेटती राहील आणि इंजिन विकावं लागणार नाही, इतके होते.

केंद्रात मदत आल्याच्या संदेशांनी एकामागून एक फोन वाजत होते. प्रत्येक आवाजाला भिंतीजवळ बसलेला एक माणूस मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा. तो सनातनकाका, बाबांच्या होडीवरचा ओडिशाचा खलाशी. होडी मोडली तसं त्याचं कामही बुडालं होतं. शेजारच्याच्या फोनकडे तो ज्या नजरेने बघत होता, ती नजर रेवतीला आतून कळली. कोणी मुद्दाम वगळल्यासारखं वाटत असणार त्याला.

"कासवा, सनातनकाकांना का नाही आले?"

कासवाने शोधलं. "यांचं नाव ओडिशातल्या त्यांच्या गावी नोंदलं आहे. वादळ तिथे आलं नाही, म्हणून तिथला पाट बंद. आणि इथे यांची नोंदच नाही." ते रेवतीकडे वळलं. "माणूस इकडे आणि पाट तिकडे. ही चूक माझ्या लक्षात आली नव्हती, रेवती."

"मग आता?"

"आता वरच्या कार्यालयात विचारतो. वादळ येईल तिथे जो माणूस असेल, त्याला तिथेच मदत मिळायला हवी. नाव माणसाबरोबर फिरायला हवं."

उत्तर यायला वेळ लागला. अखेर आलं : निवारा केंद्रात असलेल्या प्रत्येकाची तात्पुरती नोंद करा, गाव कुठलंही असो. सनातनकाकाचा फोन वाजला, तेव्हा तो आधी घाबरलाच. मग त्याने लगेच घरी फोन लावला. त्याची भाषा रेवतीला कळली नाही, पण पलीकडून एका लहान मुलीचं हसू ऐकू आलं.

रेवती मितालीच्या घरी गेली. "मी फार वाईट बोलले," ती म्हणाली.

"हो, बोललीस," मिताली म्हणाली. तिने दाराजवळचे गमबूट पायांत चढवले. मग म्हणाली, "पलीकडच्या बंदरावरही बाहेरचे खलाशी आहेत. ते होडीवरच राहतात. निवाऱ्यात आलेच नाहीत, मग त्यांची नावं कोण घेणार?"

"कासवाला माहीत आहे?"

"त्याला कसं असणार? खाडीतली वाट मलाच ठाऊक आहे."

थोड्याच वेळात दोघी खाडीच्या काठाने निघाल्या. मागून चिखलात चाकं रुतवत, कुरकुर करत कासव येत होतं. पलीकडच्या काठावर मोडक्या होड्यांवर माणसं दिसू लागली, तेव्हा मितालीने हात उंच करून हाक मारली, आणि रेवतीने तिच्या आवाजात आपला आवाज मिसळला.